झाई परिसरातील कठीण लाकडाची वनझाडे : त्यांची विविधता व संवर्धन

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर अगदी उत्तर टोकाला, गुजरातच्या सीमेला लागून झाई हे गाव आहे. पश्चिमेस समुद्र, मध्ये वाड्या व भातखाचरे, आणि पूर्वेस तलासरी व डहाणू तालुक्यांतील माळ, टेकड्या व जंगल अशी या भागाची रचना आहे. किनाऱ्यावरील मासेमारी करणाऱ्या कुटुंबास होडीकरिता लाकूड लागते. बागायतदारास चिकूच्या कलमासाठी रोप लागते. आतील पाड्यांवर राहणाऱ्या वारली, कोकणा, धोडिया व काथोडी कुटुंबांस घराचे खांब, नांगर, सरपण, मोहाची फुले व औषधी साली लागतात. या सर्व गरजा एकाच ठिकाणाहून भागत आल्या आहेत, व ते ठिकाण म्हणजे आपले पानझडी जंगल होय. या जंगलातील कठीण लाकडाच्या झाडांपैकी किती जाती आपल्या गावाच्या शिवारात शिल्लक आहेत, कोणत्या कमी होत चालल्या आहेत, आणि त्या टिकविण्यासाठी शेतकऱ्याने आपल्या बांधावर व ग्रामसभेने आपल्या वनात काय करावे, याचा विचार या लेखात केला आहे.

कठीण लाकूड म्हणजे काय ?

वनशास्त्रात रुंद पानांच्या व फुले येणाऱ्या झाडांच्या लाकडास सरसकट कठीण लाकूड म्हणतात. देवदार, चीड यांसारख्या सूचिपर्णी झाडांचे लाकूड मऊ लाकूड समजले जाते. या वर्गीकरणाप्रमाणे सावर व पांगारा यांचे हलके लाकूडही कठीण लाकडातच मोडते. शेतकऱ्याच्या व्यवहारात मात्र कठीण लाकूड म्हणजे जे वजनास जड, झिजेस टिकाऊ आणि वाळवीस सहजासहजी बळी न पडणारे, ते.

हा टिकाऊपणा कोठून येतो, हे समजून घेणे आवश्यक आहे. झाडाचा ओंडका आडवा कापला असता बाहेरील बाजूस फिकट लाकडाचे वलय दिसते. त्यातून मुळांनी शोषलेले पाणी वर चढते. यास रसकाष्ठ म्हणतात. आतील गडद भाग म्हणजे मध्यकाष्ठ, अथवा गाभा. झाड वयात येऊ लागले की आतील पेशींचे कार्य थांबते आणि त्यांत टॅनिन, रंगद्रव्ये, तेले व राळ साठतात. या द्रव्यांमुळेच बुरशी व वाळवी यांना गाभा सहसा पोखरता येत नाही. खैराच्या गाभ्याचे तुकडे पाण्यात उकळून जो कात काढतात, तो याच द्रव्यांचा अर्क होय. कोवळ्या झाडात गाभा फारच थोडा असतो. म्हणून हाताच्या मनगटाएवढा खैर अथवा साग तोडणारास ना कात मिळतो, ना टिकाऊ खांब. झाड मात्र जाते.

परिसरातील प्रमुख जाती

या भागात पाऊस भरपूर, म्हणजे सामान्यतः दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. परंतु तो चार महिन्यांतच पडतो आणि उरलेले आठ महिने कोरडे जातात. या हवामानास अनुरूप असे सागमिश्रित पानझडी जंगल येथे वाढले आहे. त्यातील महत्त्वाच्या जाती पुढीलप्रमाणे आहेत.

साग : सर्वांच्या परिचयाचा. निसर्गतः साग भारत, म्यानमार, थायलंड व लाओस या देशांतच होतो. फळी वाकत नाही व पाण्यात टिकते, म्हणून घर, होडी व सामान या सर्वांस योग्य.

ऐन : मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल ही याची खूण. लाकूड सागापेक्षा जड. वासे, खांब व शेतीच्या अवजारांस उपयोगी. फळास पाच पंख असतात. पाल्यावर टसर रेशमाचे किडे वाढतात.

खैर : काटेरी, मध्यम उंचीचा. हलक्या व मुरमाड जमिनीतही तग धरतो. त्याच्या मुळांवर नत्र स्थिर करणाऱ्या गाठी असतात. कात व मजबूत खुंट यांसाठी प्रसिद्ध, आणि म्हणूनच चोरट्या तोडीचे मुख्य लक्ष्य.

शिसव : जांभळट काळ्या गाभ्याचे मौल्यवान लाकूड. या झाडाच्या संपूर्ण प्रजातीचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१७ पासून नियंत्रणाखाली आला आहे. कारण सर्व उष्ण प्रदेशांत शिसवाच्या जातींची बेसुमार तोड झाली.

बिबला : सालीस घाव घातला असता रक्तासारखा लाल डिंक पाझरतो. फळ चपटे, वाटोळे व कडेस पंख असलेले. दारे, खिडक्या व गाड्यांसाठी उत्तम लाकूड.

तिवस व धामण : दोन्ही चिवट. तिवसाचे लाकूड गाडीच्या भागांस व अवजारांस. धामणीचे लवचीक लाकूड कुऱ्हाडीच्या दांड्यास व कावडीस.

हेद व कळंब : दोन्ही एकाच कुलातील, चेंडूसारख्या गोल फुलोऱ्याची झाडे. हेदाचे लाकूड पिवळे व गुळगुळीत असून कातकामास चांगले. कळंब ओलसर व पाणथळ जागी वाढतो.

धावडा व बोंडारा : धावड्याचा डिंक बाजारात विकला जातो, लाकूड कणखर असते, बोंडाऱ्याचा उपयोग वासे व सरपण यांसाठी होतो.

शिवण : लाकूड वजनास हलके, पण आकार न सोडणारे; फळ्या व वाद्यांची खोडे यांस उपयोगी. झपाट्याने वाढते.

मोह : लाकूड कठीण असूनही मोहावर कुऱ्हाड चालवू नये असा आदिवासी कुटुंबांचा जुना दंडक आहे. फुले अन्न म्हणून व बिया तेलासाठी दरवर्षी मिळतात. लाकूड एकदाच मिळते.

खिरणी व चिकू यांचे नाते

वरील यादीत मुद्दाम न घातलेले एक झाड बागायतदारांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. ते म्हणजे खिरणी. सीमेलगतच्या गावांत त्यास रायण असेही म्हणतात. दक्षिण गुजरात व उत्तर कोकण या पट्ट्यात हे सदाहरित झाड विखुरलेले आढळते. त्याचे लाकूड इतके जड असते की ते पाण्यात बुडते. उन्हाळ्यात त्यास लहान, पिवळी, गोड फळे येतात.

चिकू हे मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिका येथील फळझाड होय. महाराष्ट्रात त्याची लागवड १८९८ मध्ये घोलवड येथे सुरू झाली, असे नमूद आहे. आज घोलवड, बोर्डी व डहाणू या भागाची ओळखच चिकूमुळे झाली असून, येथील चिकूस भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. परंतु ही बाग ज्या मुळांवर उभी आहे ती मुळे चिकूची नाहीत. चिकूचे कलम खिरणीच्या रोपावर बांधतात. चिकू व खिरणी एकाच प्रजातीतील असल्यामुळे त्यांचा सांधा नीट जुळतो. खिरणीच्या खुंटावरील झाड जोमदार वाढते, दीर्घकाळ टिकते व उत्पन्नही चांगले देते. मोहही याच कुलातील आहे.

येथे एक अडचण आहे. खिरणीचे रोप फार सावकाश वाढते. कलम बांधण्याजोगे जाड होण्यास त्यास दीड ते दोन वर्षे लागतात. बी फार काळ टिकत नाही. जुनी खिरणी सरपणासाठी अथवा रस्ता रुंद करताना तोडली गेली की तिच्या जागी आपोआप दुसरी उभी राहत नाही. मोजक्याच झाडांचे बी सर्वत्र वापरले जाऊ लागले, तर पुढील सर्व बागांचे खुंट एकाच घडणीचे होतील. आणि एखादा मूळकुज रोग अथवा जमिनीतील क्षार त्या घडणीस मानवला नाही, तर सर्व बागा एकाच वेळी संकटात येतील. म्हणून प्रत्येक जुने खिरणीचे झाड हे चिकू उत्पादकाचे सामायिक भांडवल आहे असे समजून त्याची जपणूक झाली पाहिजे.

अनेक जाती कशासाठी ?

“सागाचा भाव सर्वांत अधिक, मग केवळ सागच का लावू नये ?” असा प्रश्न शेतकरी नेहमी विचारतात. त्याचे उत्तर तीन प्रकारे देता येईल.

पहिले कारण किडींचे. सागावर पाने खाणारी अळी व पानांची जाळी करणारी अळी अशा दोन प्रमुख किडी पडतात. सलग सागाच्या लागवडीत ही अळी एका झाडावरून दुसऱ्यावर विनासायास पसरते. मिश्र जंगलात मध्ये इतर झाडे असल्याने तिचा प्रसार मंदावतो, व अळ्या खाणाऱ्या पक्ष्यांनाही वर्षभर आसरा मिळतो.

दुसरे कारण जमिनीचे. सागाच्या रुंद पानांवर साठलेले पाणी मोठ्या थेंबांनी खाली पडते. खाली गवत व झुडपे नसतील, तर या थेंबांनी उतारावरील माती सैल होऊन वाहून जाते. वेगवेगळ्या उंचीची झाडे असल्यास पावसाचा मारा टप्प्याटप्प्याने झेलला जातो, व वेगवेगळ्या खोलीवरील मुळे मातीस धरून ठेवतात. टेकडीवरील माती टिकली तर ओढे उशिरापर्यंत वाहतात आणि धरणांत गाळ कमी साठतो.

तिसरे कारण हंगामाचे. पळस, सावर, मोह, ऐन, शिवण ही झाडे एकाच वेळी फुलत नाहीत. त्यामुळे मधमाशा, पक्षी व वटवाघळे यांस आळीपाळीने अन्न मिळते. मोहाच्या फुलांचे परागीकरण मुख्यतः रात्री येणारी वटवाघळे करतात, आणि खिरणीच्या बिया पक्षी व वटवाघळे दूरवर नेतात. यांतील एक दुवा तुटला तरी त्याचा परिणाम पुढील पिढीच्या झाडांवर होतो.

झाडे का कमी झाली ?

या जंगलांवरील ताण नवा नाही. मुंबई इलाख्यात वनांची व्यवस्था पाहण्यासाठी १८४७ मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची पहिले वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. पुढे रेल्वेमार्ग झाला, लोहमार्गाच्या स्लीपरांसाठी व मुंबईच्या सरपणासाठी लाकडाची मागणी वाढली. वने राखीव झाल्यावर शेतकऱ्यांच्या राबाच्या पाल्यावर बंधने आली व तक्रारी वाढल्या. त्यांच्या चौकशीसाठी ठाणे व कुलाबा जिल्ह्यांकरिता १८८५ मध्ये एक आयोग नेमावा लागला. जंगलतोडीत राबणाऱ्या आदिवासी मजुरांची स्थिती तर अत्यंत हलाखीची होती. तलासरीजवळच्या झरी येथे १९४५ मध्ये भरलेल्या परिषदेनंतर वारल्यांनी वेठीविरुद्ध लढा दिला, आणि १९४७ पासून जंगल कामगारांच्या सहकारी संस्था स्थापन होऊ लागल्या. या इतिहासाचा बोध असा की, ज्यांचे जीवन जंगलावर अवलंबून आहे त्यांस बाजूस सारून जंगल राखता येत नाही.

आजच्या ऱ्हासाची कारणे पाहिली तर त्यांत राबाचा क्रमांक वरचा लागतो. भाताच्या रोपवाटिकेच्या जागेवर शेण, पाला, फांद्या व गवत पसरून जाळण्यास राब म्हणतात. त्यामुळे तणांचे बी मरते व राखेतून रोपास अन्न मिळते, हे खरे आहे. परंतु त्यासाठी ऐनाच्या फांद्या दरवर्षी छाटल्या जातात. दरवर्षी छाटलेल्या ऐनास नवीन फुटवा येतो. झाड जिवंत दिसते, म्हणून नुकसान लक्षात येत नाही. पण अशा झाडास फुले व फळे धरत नाहीत. फळे नाहीत म्हणजे बी नाही, आणि बी नाही म्हणजे नवीन रोप नाही. पन्नास वर्षे छाटलेला ऐन एके दिवशी वठतो, तेव्हा त्याच्या खाली त्याची जागा घेणारे एकही झाड नसते.

दुसरे कारण वणव्याचे. उन्हाळ्यात लावलेल्या आगीत गवताबरोबर एक-दोन वर्षांची कोवळी रोपे जळून जातात. मोहाची फुले वेचण्यास सोपे जावे म्हणून झाडाखालील पालापाचोळा जाळण्याची रीत आहे. तीतून आग पसरते. तो पाला झाडून बाजूस करावा, अथवा झाडाखाली जाळी बांधावी. तिसरे कारण अनिर्बंध चराई, व चौथे चोरटी तोड हे होय.

राबास पर्याय

राब बंद करा, असे नुसते सांगून भागणार नाही. शेतकऱ्यास दुसरा मार्ग दाखविला पाहिजे. गादीवाफ्यावर चांगले कुजलेले शेणखत व भाताच्या तुसाची काळी राख मिसळून रोपे तयार केल्यास ती निरोगी व सहज उपटता येण्याजोगी होतात. गादीवाफा पेरणीपूर्वी एकदा भिजवून, उगवलेले तण काढून मग पेरणी केली, तर तणांचा त्रास कमी होतो. बांधावर गिरिपुष्पाची कुंपणे लावावीत. त्यांचा कोवळा पाला चिखलणीच्या वेळी गाडला असता भातास नत्र मिळते, आणि ऐनावरील भार कमी होतो. ज्यांस राब एकदम सोडणे शक्य नसेल त्यांनी निदान प्रत्येक पाच ऐनांपैकी दोन झाडे बियांसाठी राखून ठेवावीत व त्यांस कोयता लावू नये.

बी केव्हा व कसे गोळा करावे ?

एकाच मोठ्या झाडाखालचे सर्व बी गोळा करणे सोयीचे असते, परंतु योग्य नसते. अशी सर्व रोपे एकाच आईची लेकरे ठरतात. शक्यतो प्रत्येक जातीच्या पंचवीस ते तीस निरोगी झाडांवरून थोडे थोडे बी घ्यावे, व ती झाडे एकमेकांपासून शंभर मीटर तरी दूर असावीत. झाडाखालील सर्व बी कधीही उचलू नये. हंगाम व पूर्वप्रक्रिया पुढीलप्रमाणे आहे.

१. साग : फळे डिसेंबर ते फेब्रुवारी. फळाचे कवच कठीण असल्याने एक दिवस पाण्यात भिजवणे व दुसऱ्या दिवशी उन्हात वाळवणे असे आठ ते पंधरा दिवस करावे. वर्षाची रोपे उपटून, अंगठ्याएवढ्या जाडीची जडी ठेवून, पावसाच्या आरंभी लावावीत.

२. खैर : शेंगा डिसेंबर ते फेब्रुवारी. बी एक दिवस थंड पाण्यात भिजवून पेरावे. शेंगांस कीड लवकर लागते, म्हणून साठवण कोरड्या जागी करावी.

३. बिबला व शिसव : डिसेंबर ते मार्च. बिबल्याच्या फळाच्या कडेचे पंख कातरून फळे भिजवावीत. शिसवाच्या मुळांपासूनही फुटवे येतात. ते जनावरांपासून राखले तरी नवी झाडे तयार होतात.

४. ऐन : फेब्रुवारी ते एप्रिल. फळे दोन दिवस भिजवून पेरावीत.

५. हेद : मार्च ते मे. बी धुळीसारखे बारीक असते. ते बारीक वाळूत मिसळून सावलीतील वाफ्यावर पसरावे, वर माती टाकू नये व पाणी अतिशय हळुवार शिंपडावे.

६. शिवण, खिरणी व तिवस : एप्रिल ते जून. शिवण व खिरणी यांचा गर धुऊन काढावा. खिरणीचे बी ताजे असतानाच पेरावे. उगवण्यास महिन्याहून अधिक काळ लागतो, म्हणून धीर सोडू नये.

७. मोह व जांभूळ : जून व जुलै. ही बियाणी वाळवून ठेवता येत नाहीत. काही आठवड्यांतच त्यांची उगवणशक्ती नष्ट होते. म्हणून मिळतील तेव्हाच पिशवीत पेरावीत.

लागवड कोठे करावी ?

झाईच्या वाळूच्या पट्ट्यात सुरूची झाडे वारा व वाळू अडवितात. परंतु सुरू ही बाहेरून आणलेली जात आहे, व तिच्याखाली इतर झाडे फारशी वाढत नाहीत. म्हणून सुरूच्या मागील बाजूस उंडी, करंज व भेंड यांची रांग लावावी. उंडी व भेंड यांचे लाकूड किनाऱ्यावर पूर्वापार उपयोगात आहे, आणि खारा वारा त्यांस सोसतो. खाडीकाठची तिवरे मुळीच तोडू नयेत. भातखाचराच्या बांधावर पिकास सावली करणारी दाट झाडे नकोत. तेथे उत्तर बाजूस विरळ अंतरावर शिवण किंवा खैर लावावा. चिकूच्या वाडीच्या कुंपणालगत खिरणी लावावी. मुरमाड माळावर खैर व धावडा, ओढ्याकाठी कळंब व जांभूळ, आणि खोल जमिनीच्या उतारावर साग, ऐन, बिबला व शिसव अशी जमिनीप्रमाणे निवड करावी. सागाची संख्या एकूण झाडांच्या निम्म्याहून अधिक होऊ देऊ नये.

कायद्याची माहिती

झाडे तोडण्याचे विनियमन करणाऱ्या १९६४ च्या महाराष्ट्र कायद्याच्या अनुसूचीत साग, खैर, ऐन, बिबला, हेद, तिवस, मोह, जांभूळ यांसारख्या जाती आहेत. स्वतःच्या मालकीच्या जमिनीवरील अशी झाडे तोडण्यापूर्वीही परवानगी घ्यावी लागते. आदिवासी खातेदाराच्या झाडांच्या विक्रीसाठी १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे. तो खातेदाराची फसवणूक टाळण्यासाठी केलेला आहे. म्हणून ठेकेदाराच्या तोंडी सौद्यावर विसंबून झाड देऊ नये. डहाणू तालुका २० जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर झाला आहे. वनहक्क कायदा, २००६ अन्वये ज्या ग्रामसभेस सामूहिक वनहक्क मिळाले आहेत तिला आपले वन राखण्याचा, वाढविण्याचा व त्याचे व्यवस्थापन करण्याचा अधिकार आहे.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी करावयाची कामे

१. गावातील वृद्ध स्त्रीपुरुष व वैदू यांच्यासह शिवारफेरी करून प्रत्येक जातीची जुनी झाडे मोजावीत. त्यांची नोंद २००२ च्या जैविक विविधता कायद्यान्वये ठेवावयाच्या लोकजैवविविधता नोंदवहीत, स्थानिक नावांसह करावी.

२. दहापेक्षा कमी झाडे उरलेल्या जातींची वेगळी यादी करून ती ग्रामसभेपुढे वाचून दाखवावी.

३. बीजवृक्ष निवडून त्यांच्या खोडावर गेरूचा पट्टा ओढावा, व ते न तोडण्याचा ठराव करून घ्यावा.

४. देवस्थानाभोवतीच्या राईतील झाडे प्रथम राखावीत. जुनी, न छाटलेली झाडे बहुधा तेथेच उरलेली असतात.

५. फेब्रुवारीपूर्वी जाळरेषा काढाव्यात, व वणवा विझविण्यासाठी पाड्यानिहाय तरुणांची तुकडी नेमावी.

६. शाळेत अथवा महिला बचतगटामार्फत लहान रोपवाटिका चालवावी. खिरणीची रोपे बागायतदारांस विकल्यास तिचा खर्च भागून काही उत्पन्नही होईल.

वरील कामांपैकी कोणतेही काम मोठ्या खर्चाचे नाही. साग तोडण्याजोगा होण्यास अनेक दशके लागतात, खिरणीस त्याहूनही अधिक. म्हणून येत्या उन्हाळ्यात बियांचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच शिवारफेरी पूर्ण करावी, राखावयाचे ऐन व खिरणी ठरवून टाकावेत, आणि पहिल्या पावसाबरोबर निदान शंभर मिश्र रोपे गावाच्या शिवारात लागतील अशी तयारी ठेवावी.